आई वृद्धाश्रमात, मुलगा चाकणला: ‘जेवलीस का?’च्या पुढे जाऊन फोनवरून देखभाल कशी ठरवायची?

रात्री नऊला फोन लागतो. “आई, जेवलीस का?” “जेवले रे.” “गोळ्या घेतल्या?” “घेतल्या.” “बरंय ना?” “बरंय. तू जप स्वतःला.” दोन मिनिटांत फोन संपतो. मुलाला वाटतं, चौकशी झाली. आईला वाटतं, लेकराला घोर लावला नाही. प्रत्यक्षात दोघांनाही काहीच कळलेलं नसतं.

पूर्वी वृद्धाश्रम म्हटलं की शहरातली गोष्ट वाटायची. आता तालुक्याच्या गावांतली माणसंही आई-वडिलांना अशा ठिकाणी ठेवतात. कुणाचा मुलगा चाकणला कंपनीत, कुणाची मुलगी लग्न होऊन सुरतला, कुणी दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला. दूर म्हणजे अमेरिकाच असली पाहिजे असं नाही. खरिपाच्या घाईत साठ किलोमीटरही दूरच असतात. अशा घरांनी लांब राहून, फक्त फोनच्या आधारे, आई-वडिलांच्या देखभालीत खरा भाग कसा घ्यायचा, याची ही सविस्तर माहिती.

पाच जणांकडे माहिती, पण पाच तुकड्यांत

एक उदाहरण पाहा. हे कुठल्या एका घराचं नाही, गोष्ट नीट समजावी म्हणून मांडलेलं आहे.

आई ७४ वर्षांची. साखर आणि बीपी दोन्ही. घरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगा-सून चाकणला, दोघंही शिफ्टमध्ये. मुलगी शेजारच्या तालुक्यात, घरी जनावरं आणि म्हातारे सासू-सासरे. शेवटी तालुक्याच्या ठिकाणी, जिथे सिस्टर आहेत अशा वृद्धाश्रमात आईला ठेवायचं ठरलं. पैसे मुलगा वेळेवर पाठवतो. फोन रोज होतो.

तीन आठवड्यांनी पहाटे आई बाथरूमला उठली, चक्कर येऊन पडली. तपासलं तर साखर फार खाली गेलेली. मग हळूहळू उलगडा झाला. आईची कवळी घाईत घरच्या फडताळातच राहिली होती. कडक भाकरी चावत नव्हती, म्हणून ती अर्धं ताट तसंच ठेवत होती. साखरेची गोळी मात्र जुन्या चिठ्ठीप्रमाणे पूर्ण चालू होती. पोटात अन्न कमी आणि गोळी तेवढीच, म्हणून साखर उतरली.

यात कुणी खोटं बोललं नाही. आई ‘जेवले’ म्हणाली ते खरं होतं, फक्त अर्धं. ताट उरतं हे वाढणाऱ्या मावशींना दिसत होतं. गोळी कधी द्यायची हे सिस्टरना माहीत होतं. आई घरी भाकरी दुधात कुस्करून खाते हे मुलीला माहीत होतं. डॉक्टरांची नवी चिठ्ठी मुलाच्या मोबाईलमध्ये पडून होती. माहिती सगळी होती, पण सगळे एकत्र कधी बसले नव्हते. तेवढं एकत्र बसणं, तेही फोनवरून, म्हणजेच देखभालीचं नियोजन.

‘नर्सिंग होम’ या शब्दाचा घोळ

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली तर ते छोटं खासगी रुग्णालय असतं. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते. परदेशात हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. जिथे आजारी किंवा अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ कायमचे राहतात आणि चोवीस तास परिचारिका असतात, त्याला तिकडे नर्सिंग होम म्हणतात. आपल्याकडे हे काम काही वृद्धाश्रम करतात, काही शुश्रूषा केंद्रं करतात. काही वृद्धाश्रमांत मात्र फक्त राहणं-जेवण असतं, आजारपणाची सोय नसते.

म्हणून दाखल करण्याआधीच पाटी न वाचता चार प्रश्न विचारावेत. रात्री सिस्टर असतात का? डॉक्टर कोणत्या वारी येतात? पडलं-झडलं तर कोणत्या दवाखान्यात नेतात? आणि घरच्यांशी फोनवर बैठक घ्यायची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नावर संस्थेचा चेहरा कसा होतो, त्यावरून पुष्कळ समजतं.

देखभाल आराखडा म्हणजे काय?

हा काही मोठा सरकारी कागद नव्हे. या माणसाला काय त्रास आहे, त्यासाठी रोज कोण काय करणार, आणि ते जमतंय की नाही हे कधी बघणार, एवढं लिहिलेला कागद म्हणजे देखभाल आराखडा. त्यात साधारण या गोष्टी असाव्यात:

- आजार आणि सध्या चालू असलेली सगळी औषधं
- कोणत्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी
- जेवण: काय चालतं, काय चावत नाही, पथ्य काय
- चालणं: काठी, वॉकर की माणसाचा आधार, पडण्याची भीती किती
- लघवी-शौचाच्या वेळा, रात्री किती वेळा उठावं लागतं
- ऐकू-दिसण्याची अडचण, चष्मा, कानाचं मशीन, कवळी
- झोप, मन, भीती, विसरभोळेपणा
- अंथरुणावर असल्यास कूस किती वेळाने बदलायची
- तातडीच्या वेळी कोणाला फोन, कोणतं रुग्णालय

अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या माणसाचा असा आराखडा सक्तीचा केला. तिथल्या नियमांप्रमाणे दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा करावा लागतो. पुढे पूर्ण तपासणी झाल्यावर सात दिवसांत सविस्तर आराखडा तयार होतो आणि किमान दर तीन महिन्यांनी तपासणी करून तो पुन्हा पाहावा लागतो. तो ठरवताना त्या व्यक्तीला आणि तिच्या घरच्या प्रतिनिधीला शक्य तितकं सामील करून घ्यावं, असंही नियम सांगतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे तिथल्या नर्सिंग होमची दारं भेटणाऱ्यांना बंद झाली, तेव्हा या बैठका फोनवर आणि व्हिडिओवर घेण्यावाचून पर्याय राहिला नाही.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात निर्वाह खर्चाची तरतूद आहे, पण घरच्यांना घेऊन आराखड्याची बैठक घेतलीच पाहिजे असं कलम नाही. म्हणजे संस्था आपणहून बोलावेलच असं नाही. ही बैठक घरच्यांनीच मागायची असते. मागण्यात काही गैर नाही, आणि चांगल्या संस्थेला त्याचा त्रासही वाटत नाही.

पहिल्याच दिवशी घरून काय द्यायचं?

सिस्टरना आईचा आजार चिठ्ठीवरून कळतो. आई कळत नाही. ती घरच्यांनाच सांगावी लागते. दाखल करताना एका पानावर मोठ्या अक्षरांत सवयी लिहून द्याव्यात. लिहिणं जमत नसेल तर मोबाईलवर बोलून व्हॉइस मेसेज पाठवावा.

काय लिहायचं? पहाटे किती वाजता उठतात. चहा आधी की आंघोळ आधी. एकादशी, चतुर्थी धरतात का, त्या दिवशी काय खातात, आणि साखरेची गोळी चालू असताना उपास झेपतो का हे डॉक्टरांना विचारलंय का. कोणत्या कानाने नीट ऐकू येतं. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. रात्री दिवा लागतो की अंधार. घाबरल्या तर कशाने शांत होतात. तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर लाजून लपवू नये, कारण अचानक बंद झाली की चिडचिड आणि झोप उडणं सुरू होतं.

औषधांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. घरच्या पिशवीतल्या जुन्या गोळ्या आणि दवाखान्याच्या नव्या गोळ्या दोन्ही सोबत जातात. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी असू शकतं आणि दुप्पट डोस पोटात जातो. म्हणून सगळ्या पाकिटांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवावेत. चालू गोळ्यांचा एकच तक्ता करावा: नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कशासाठी. बंद केलेल्या गोळ्या संस्थेत ठेवूच नयेत.

बोलणारा माणूस एकच ठरवा

एका आईला चार लेकरं असली की संस्थेला चार फोन येतात. थोरला म्हणतो पुण्याला हलवा, धाकटा म्हणतो इथंच ठेवा, मुलगी म्हणते मला कुणी विचारलंच नाही. सिस्टरच्या हाताखाली अनेक ज्येष्ठ असतात. प्रत्येकाचे नातेवाईक दिवसभर फोन करत राहिले तर ज्येष्ठांकडे बघायला वेळ उरत नाही.

म्हणून घरात आधी बसून दोन नावं ठरवावीत. पहिलं नाव रोजच्या बोलण्यासाठी. हा माणूस सगळ्यांत हुशार किंवा जास्त पैसे देणारा असण्याची गरज नाही. जो फोन उचलतो आणि ऐकलेलं सगळ्यांना जसंच्या तसं सांगतो, तो हवा. दुसरं नाव जवळ राहणाऱ्याचं, जो गरज पडली तर दोन तासांत पोचू शकेल. मग तो पुतण्या असो, भाचा असो की गावातला शेजारी. दोन्ही नावं, नंबर आणि आईची संमती संस्थेच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्यावी. सूनही हे काम उत्तम करू शकते. ‘ती सून आहे, तिला काय विचारायचं’ असं म्हणणाऱ्या घरात अनेकदा औषधांची खरी माहिती तिलाच असते.

वीस मिनिटांची बैठक कशी घ्यायची?

पहिली बैठक दाखल झाल्यापासून आठवडाभरात मागावी. दुसरी महिन्याने. त्यानंतर दर तीन महिन्यांनी. मध्ये पडणं झालं, दवाखान्यातून परत आल्या, नवी गोळी सुरू झाली किंवा वजन उतरलं, तर वाट न बघता लगेच.

वेळ संस्थेला विचारून ठरवावी. जेवणाच्या पंगतीची किंवा सिस्टरची पाळी बदलण्याची वेळ टाळावी. सकाळी अकरा किंवा दुपारी साडेतीन ही वेळ बहुतेकांना जमते. मुलाची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात दुपारचा कॉल सोपा पडतो.

व्हॉट्सॲपच्या ग्रुप व्हिडिओ कॉलवर सगळे दिसतात. पण गावात रेंजचा भरवसा नसतो. तसं असेल तर साधा कॉन्फरन्स कॉल लावावा. चेहरा दिसला नाही तरी काम होतं. ज्याला तेव्हा जमणारच नाही, उदाहरणार्थ फडात असलेल्या मुलाला, त्याने आदल्या रात्री आपले प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवावेत. तिकडे फोन हातात न धरता टेबलावर तांब्याला टेकवून ठेवायला सांगावा. आईच्या तोंडावर उजेड असावा, पाठीमागे खिडकी नसावी.

वीस मिनिटांची वाटणी अशी करता येते:

- पहिली पाच मिनिटं आईची. काय आवडतं, काय खुपतं, काय हवंय.
- पुढची पाच सिस्टरची. वजन, साखर, बीपी, जेवण किती उरतं, झोप, शौच, पडणं-धडपडणं, त्वचेवर कुठे लाली किंवा जखम.
- पुढची पाच घरच्यांची. घरी काय सवय होती, आज बोलण्यात काय वेगळं वाटलं, शंका.
- शेवटची पाच निर्णयाची. काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत.

शेवटी ठरलेलं सगळं कागदावर लिहून त्याचा फोटो दोन्ही बाजूंनी ठेवावा. ‘आईकडे लक्ष द्या’ हा निर्णय नव्हे. ‘सकाळी आणि संध्याकाळी वॉकर घेऊन व्हरांड्यात दोन फेऱ्या, मावशी सोबत’ हा निर्णय. पुढच्या बैठकीत पहिलं काम म्हणजे हाच कागद काढून बघणं.

‘बरं आहे ना?’ऐवजी काय विचारायचं?

‘बरं आहे ना’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येतं. प्रश्न असा असावा की उत्तरात माहिती येईल.

‘जेवली का’ऐवजी ‘ताटात काय काय उरलं?’ ‘वजन ठीक आहे का’ऐवजी ‘गेल्या महिन्यात किती होतं, आज किती भरलं?’ एका महिन्यात वजन पाच टक्क्यांनी किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांनी उतरणं ही डॉक्टरांना दाखवण्याची गोष्ट आहे. म्हणजे ५० किलोचं माणूस महिन्यात अडीच किलोने उतरलं तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नसतं.

‘साखर नॉर्मल आहे ना’ऐवजी ‘सर्वांत कमी किती आली, कोणत्या वेळी?’ साखर ७० च्या खाली जाणं म्हणजे ती जास्तच उतरली. वयस्कर माणसाला वाढलेल्या साखरेइतकीच उतरलेली साखर धोक्याची, कारण चक्कर येऊन पडलं की पुन्हा हाड मोडतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ‘दिवसातून किती वेळा कूस बदलता? कंबरेला, टाचेला लाली आहे का?’ साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलतात. लाली वेळेत दिसली तर जखम टळते. मात्र आईचं अंग कॅमेऱ्यावर दाखवा असं सांगू नये. सिस्टरनी बघून सांगावं, आणि घरच्या बाईमाणसाने पुढच्या भेटीत स्वतः बघावं.

आईच्या डोक्यावरून बोलू नका

फोनवर मुलं, सिस्टर आणि मॅनेजर बोलतात आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्या बाजूला गप्प बसलेल्या असतात. असं होता कामा नये. वय झालं म्हणून माणसाचा हक्क मुलांकडे जात नाही. आई शुद्धीत आहे, तिला समजतंय, तर कोणते उपचार घ्यायचे, कोणते नाही, हे तिचं तिने ठरवायचं. मुलांनी माहिती द्यावी, समजूत घालावी, हट्ट धरू नये.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाला फोनच्या स्पीकरवरचे चार आवाज म्हणजे नुसता गलका. एकाने बोलावं, बाकीच्यांनी म्यूट राहावं. वाक्यं छोटी ठेवावीत. इअरफोन चालत असेल तर तो लावावा. आईने मान डोलावली म्हणजे कळलं असं समजू नये. ‘काय ठरलं सांग बरं’ असं विचारून पाहावं.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला पडद्यावरचा मुलगा ओळखू येईलच असं नाही. ‘मी कोण, ओळख’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘आई, मी तुझा धाकटा’ असं आपणच सांगावं. अशा अनेकांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, म्हणून कॉल सकाळी आणि थोडक्यात करावा. बोलणं संपलं तरी आवाजाने जीव निवतो.

आणि महिन्यातून एकदा तरी आईशी एकटीशी बोलावं, जवळ संस्थेचं कुणी नसताना. सगळ्यांसमोर माणूस तक्रार करत नाही. अंगावर न सांगता येणारे वळ, एखादा माणूस आला की गप्प होणं, ‘मला इथून ने’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणणं, पैसे किंवा वस्तू गायब होणं, या गोष्टी कानाआड करू नयेत. लगेच कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघावं.

लांबून ऐकणाऱ्यालाच कळणारी खूण

एका बाबतीत दूर असलेलं घर सिस्टरपेक्षाही उपयोगाचं ठरतं. आई एरवी कशी बोलते हे घरच्यांना वर्षानुवर्षं माहीत असतं. काल नीट बोलणारी आई आज असंबद्ध बोलू लागली, गेलेल्या माणसांना हाका मारू लागली, किंवा फोनवर बोलता बोलता झोपी जाऊ लागली, तर ते म्हातारपण नव्हे. तासा-दिवसांत अचानक आलेला असा गोंधळ म्हणजे बहुतेक वेळा शरीरात काहीतरी बिघडल्याची खूण असते. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर किंवा मीठ कमी-जास्त होणं, नव्या गोळीचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकतं.

सिस्टर नव्या असतील तर त्यांना वाटेल, या आजी अशाच बोलतात. तेव्हा फोनवरच्या माणसाने ठासून सांगावं, “आई कालपर्यंत अशी बोलत नव्हती. आजच डॉक्टरांना दाखवा.” हे एक वाक्य कधी कधी जीव वाचवतं.

डॉक्टरांशी फोनवर बोलता येतं का?

येतं. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात आणि रुग्णाच्या वतीने घरचा माणूसही बोलू शकतो. आई बोलण्याच्या स्थितीत असेल आणि ती कॉलवर नसेल, तर तिचं सहीचं किंवा अंगठ्याचं संमतीपत्र जवळ ठेवावं. काही गुंगीची आणि अंमली वर्गातली औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत, त्यासाठी डॉक्टरांनी आग्रह नाकारला तर रागावू नये. सरकारची ई-संजीवनी सेवाही मोफत आहे. उपकेंद्रातल्या किंवा आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांकडे तिची चौकशी करता येते.

मात्र छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं, पडून उठता न येणं, शुद्ध हरपणं, यात फोनवर सल्ला घेत बसायचं नाही. संस्थेने थेट १०८ ला फोन करायचा, घरच्यांना त्यानंतर. ‘मुलाला विचारल्याशिवाय नेलं नाही’ असं होऊ नये म्हणून हे आधीच लिहून द्यावं: तातडीच्या वेळी आमच्या परवानगीची वाट बघू नका.

सोबत कोणतं रुग्णालय, पहिले पैसे कोण भरणार, आधार आणि आरोग्य योजनेच्या कार्डाची प्रत कुठे आहे, हेही लिहावं. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही योजना ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. काढलं नसेल तर काढून घ्यावं.

एक अवघड विषयही शांतपणे विचारून ठेवावा. शेवटच्या काळात व्हेंटिलेटर, आयसीयू हवं की नको, हे आईचं मत काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येतं. हा कागद केला नाही तरी आईचं मत सगळ्या लेकरांच्या कानावर एकदा पडलेलं असावं. नाहीतर रुग्णालयाच्या दारात भावंडांचं भांडण ठरलेलं.

मोबाईल वापरताना एवढं सांभाळा

संस्थेसोबतचा व्हॉट्सॲप ग्रुप छोटा ठेवावा. भावकीचा ग्रुप वेगळा. आईचे अंथरुणावरचे फोटो गावाच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नयेत. तिलाही अब्रू आहे. आधार, पासबुक, एटीएमचे फोटो ग्रुपवर पाठवू नयेत. ओटीपी तर कुणालाच सांगू नये, संस्थेच्या माणसालाही नाही. पैसे संस्थेच्या खात्यावर पाठवावेत, कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नंबरवर नाही, आणि पावती मागावी.

फोनवर आवाज चढवणंही टाळावं. मावशींना नावाने हाक मारावी, चांगलं केलं तर तसं सांगावं. जिथे घरचे नियमित आणि नीट बोलतात, तिथे अडचण लवकर सांगितली जाते.

संस्था दाद देत नसेल तर?

आधी व्यवस्थापकाला व्हॉट्सॲपवर लेखी विचारावं, म्हणजे तारीख राहते. उत्तर आलं नाही तर संस्थेच्या विश्वस्तांना. तरीही नाही, तर जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात अर्ज द्यावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. मन खचलं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे, तो आईसाठीही आणि धास्तावलेल्या मुलासाठीही. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर थेट ११२.

जबाबदारी घरच्यांवरही आहे. आई-वडिलांना सोडून देण्याच्या हेतूने कुठे टाकून येणं हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि फोनवरची बैठक ही प्रत्यक्ष भेटीच्या बदल्यात नसते. सणाला, सुट्टीला, बाजारच्या दिवशी कुणीतरी जाऊन यायलाच हवं. फोनवर वास येत नाही, हात हातात घेता येत नाही.

पुन्हा त्या आईकडे

वरच्या उदाहरणातल्या घरात पहिल्या आठवड्यात वीस मिनिटांचा एक कॉल झाला असता, तर काय झालं असतं? मावशी म्हणाल्या असत्या, “ताट उरतं.” मुलगी म्हणाली असती, “कवळी कुठंय? आणि भाकरी दुधात कुस्करून द्या.” मुलाने नवी चिठ्ठी पाठवली असती. सिस्टरनी डॉक्टरांना गोळीचं विचारलं असतं. दुसऱ्या दिवशी भाच्याने एसटीने कवळी पोचवली असती.

ज्यांचे आई-वडील सध्या अशा ठिकाणी आहेत, त्यांना आज रात्रीच्या फोनपासून सुरुवात करता येईल. ‘जेवलीस का’ विचारावंच, ते प्रेमाचं आहे. त्यानंतर एवढंच जोडावं: “ताटात काय उरलं, आई?” आणि उद्या सकाळी संस्थेला फोन करून बैठकीची तारीख मागून घ्यावी.